सेटिंगच्या अर्ध्या दिवसाची मजुरी

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. महाडच्या दुकानदाराला ही तारीख विसरतो म्हटले तरी विसरता येत नाही. त्याच रात्री सावित्री आणि गांधारी चढू लागल्या आणि २२ तारखेला आमची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही कोसळली. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे आमच्या कापडाच्या ताग्यांची काय किंमत? म्हणून नुकसानीचा हिशोब मी इथे मांडणार नाही. मला लिहायचे आहे ते लाकडाच्या एका सांध्याविषयी, आणि त्या सांध्याच्या मजुरीविषयी.

कापडाच्या व्यापाऱ्याला सुतारकामात लक्ष घालण्याचे कारण काय, असे काही वाचक बांधव विचारतील. कारण इतकेच की या कामात चूक माझ्या हातून झाली, कारागिराच्या हातून नव्हे, आणि तीच चूक आपल्यापैकी बहुतेक व्यापारी रोज करतात.

पाणी ओसरल्यावर दुकानातला चिखल काढायला घेतला तेव्हा आत तीन प्रकारचे लाकूडकाम होते. एक, वडिलांच्या वेळचा सागवानी गल्ला. दुसरी, इथल्याच एका मिस्त्रीने केलेली प्लायवुडची मांडणी. तिसरे, शहरातल्या एका दुकानातून तयार आणलेले काउंटर. हे काउंटर चकचकीत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते कौतुकाने दाखवीत असे. ते काउंटर चहात बुडवलेल्या पावासारखे फुगले होते. वरचा कागद सोलून आला आणि आतला दाबलेला भुसा हाताने उकरता येऊ लागला. प्लायवुडच्या मांडणीच्या फळ्या बऱ्या होत्या, पण कोपरे उघडले होते. कोपऱ्यांत नुसता डिंक आणि बारीक खिळे होते, ते गंजून सैल झाले. गल्ला मात्र सावलीत दहा-बारा दिवस उपडा ठेवला, वाळला, आणि त्याचा खण पुन्हा सरकू लागला. त्याच्या कोपऱ्यांत डव्हटेलचे दाते एकमेकांत अडकवलेले आहेत. खिळा एकही नाही.

यावरून "जुने ते सोने" असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. जुन्या काळीही वाईट काम होत असे, ते आता शिल्लक नाही एवढेच. गल्ला टिकला त्याची कारणे दोन. लाकूड अस्सल होते आणि सांधा अडकवलेला होता. आज सागवान सर्वांना परवडत नाही. सांधा मात्र परवडू शकतो.

त्या पावसाळ्यानंतर महाडात सुतारकामाला उसंत नव्हती. प्रत्येकाला दुकान लवकर उभे करायचे होते. माझे काम पोलादपूरच्या एका तरुण मिस्त्रीने घेतले. हा आखातात फर्निचरच्या कारखान्यात काम करून लॉकडाऊनमध्ये परत आलेला. आपल्या कोकणात अशी मुले घरोघर आहेत. हातात हुन्नर घेऊन येतात आणि इथे त्यांना दार-खिडकीच्या दुरुस्तीपलीकडे कोणी विचारत नाही. याने मात्र बचतीतून एक राउटर घेतला होता आणि तो उलटा टांगून टेबल तयार केले होते. मला म्हणाला, "चाचा, खण आणि काउंटरचे कोपरे लॉक मायटरमध्ये करू. बाहेरून कड दिसणार नाही आणि आतून पकडही राहील."

लॉक मायटर म्हणजे काय ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. दोन फळ्यांचे काठ पंचेचाळीस अंशांत कापून जोडले की कोपरा स्वच्छ दिसतो, प्लायवुडचे थर बाहेर दिसत नाहीत. हा साधा मायटर. पण त्यात पकड नसते. डिंक लावून दाबायला गेले की दोन्ही तिरके काठ एकमेकांवरून घसरतात, म्हणून मिस्त्री खिळे मारतो. ही झाली कच्ची शिवण. लॉक मायटरमध्ये त्याच तिरक्या काठात एक जीभ आणि एक खाच कापलेली असते. एका फळीची जीभ दुसऱ्या फळीच्या खाचेत बसते. काठ घसरत नाहीत आणि डिंकाला धरायला जागा जास्त मिळते. जीन्सच्या पायाला दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घातलेली जी शिवण असते, तशी ही. (शिवण नावाचे झाडही आपल्या रानात आहे. त्याचे लाकूड हलके असते, सहसा वाकत-पिळत नाही, म्हणून मिस्त्री लोक ते आवडीने घेतात. त्याचा या शिवणीशी संबंध नाही, पण लिहिताना आठवले.)

आणि अडकवून जोडण्याचे हुन्नर आपल्याकडे नवे नाही. कुरआन शरीफ ज्या रेहलवर ठेवतो ती नीट उघडून पाहा. चांगली रेहल एकाच फळीतून काढलेली असते. मधोमध दाते असे कोरतात की फळीचे दोन भाग एकमेकांत अडकलेलेच राहतात आणि कात्रीसारखे उघडतात. बिजागरी नाही, खिळा नाही. सहारनपूरचे कारागीर हे काम करत आले आहेत. तेव्हा यंत्र नवे असले तरी त्यामागचा विचार आपल्या घरातलाच आहे.

आता माझी चूक. मिस्त्रीने अंदाज दिला त्यात "सेटिंग, अर्धा दिवस" अशी एक ओळ होती आणि त्याखाली चाचणीसाठी प्लायवुडचे तुकडे. मी विचारले, कापायला किती वेळ लागेल? तो म्हणाला, सगळे कोपरे मिळून तासाभराचे काम. मी हसलो. तासाभराच्या कामाला अर्ध्या दिवसाची तयारी? ती ओळ मी खोडली. व्यापाऱ्याचा हात पेन घेऊन बसला की काही ना काही खोडल्याशिवाय उठत नाही. त्याला कामाची गरज होती, तो गप्प राहिला. त्याने घाईने अंदाजाने बिट लावले आणि फळ्या कापून दिल्या. खण जोडले तेव्हा कोपऱ्यात नखाला लागेल एवढी पायरी राहिली होती. ती त्याने पॉलिश पेपरने घासून बसवली. घासताना वरचा पातळ थर गेला. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात दोन कोपऱ्यांना चिरा दिसू लागल्या.

मी त्याला बोलावून घेतले आणि दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर नको ते बोललो. त्याने उत्तर दिले नाही. खण घेऊन गेला आणि पदरचे प्लायवुड घालून नवे करतो म्हणाला. जाताना एवढेच म्हणाला, "या वेळी सेटिंग करूनच कापतो. सवड असेल तर येऊन बघा." मला राग आला होता, तरी दुसऱ्या दिवशी मी एस.टी. पकडून पोलादपूरला गेलो. त्या दिवशी जे पाहिले ते लिहून ठेवण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे राउटर आहे त्या कारागीर बांधवांना त्यातले बरेच माहीत असेल, पण ज्यांनी नुकताच घेतला आहे त्यांच्या आणि आमच्यासारख्या खोडणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, त्याने बिट लावण्याआधी फळी मोजली. बाजारात १८ किंवा १९ मिलिमीटर म्हणून जे प्लायवुड मिळते ते मोजले तर तेवढे भरतेच असे नाही. एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीटमध्येही फरक निघतो. खिळ्याच्या कामात हा फरक चालून जातो. लॉक मायटरला चालत नाही, कारण बिटच्या नक्षीचा मध्य फळीच्या जाडीच्या बरोबर मध्यावर यावा लागतो. फळी अर्धा मिलिमीटर कमी भरली तर बिट पाव मिलिमीटर खाली घ्यावे लागते. म्हणून चाचणीचे तुकडे त्याच शीटमधले हवेत, कोपऱ्यात पडलेला दुसरा कसलाही तुकडा चालत नाही. मी जे "चाचणीचे तुकडे" खोडले होते ते हे.

दुसरी गोष्ट, आधी उंची, मग फेन्स. फेन्स म्हणजे टेबलावरची उभी टेकण, जिला टेकवून फळी सरकवायची. दोन्ही एकदम हलवायला गेले की दिवस गेला. उंचीसाठी त्याने दोन तुकडे टेबलावर आडवे ठेवून कापले, एक तुकडा उलटा केला आणि दोघांचे काठ एकमेकांत बसवले. दोन्ही तुकड्यांची पाठ एका पातळीत आली तर उंची बरोबर. पायरी राहिली तर जेवढी पायरी दिसते तिच्या निम्मेच बिट हलवायचे, कारण उलटा केल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते. सुलटा तुकडा खाली बसला आणि उलटा वर आला तर बिट उंच आहे, खाली घ्या. सुलटा वर राहिला तर बिट वर घ्या. नवशिका इथेच फसतो. दिसली तेवढी पायरी पूर्ण हलवतो, मग ती उलट्या बाजूला निघते आणि मग तो यंत्राला शिव्या देतो.

उंची बसल्यावर तिला हात लावायचा नाही. आता फेन्स. फेन्स पुढे-मागे करून तिरका काप बरोबर फळीच्या वरच्या कडेला संपवायचा. कड बोथट राहिली तर फेन्स थोडी मागे घ्यायची, म्हणजे बिट आणखी आत कापते. जास्त मागे गेली तर फळीची लांबीच खाल्ली जाते आणि कापून झालेल्या कडेला टेकायला जागा उरत नाही, शेवटी फळी आत हिसका खाते. बरोबर जमले की वरची कड कागदासारखी बारीक राहते. ती हाताळताना जपावी लागते, प्लायवुडची असली तर फारच.

मग खरे काम. एक फळी आडवी, आतली बाजू टेबलाला टेकलेली. दुसरी फळी उभी, आतली बाजू फेन्सला टेकलेली. बिट तेच, उंची तीच, फेन्स तीच. एका सेटिंगवर जोडीच्या दोन्ही फळ्या निघतात हीच या बिटाची करामत. उभी फळी हलू नये म्हणून त्याने फेन्सला उंच पाट लावला होता आणि फणीसारखे दाते पाडलेली पट्टी क्लॅम्पने दाबून ठेवली होती. फळीमागे एक टाकाऊ तुकडा धरला होता, म्हणजे बिट बाहेर पडताना चांगल्या फळीची कपची उडत नाही. काप एका दमात घेतला नाही. आधी फेन्स पुढे ठेवून थोडे कापले, शेवटचा हात खुणेवर. दुपारपर्यंत त्याने कामाचा एकही तुकडा कापला नव्हता. जेवणानंतर तासाभरात सगळे कोपरे कापून मोकळा. जोडल्यावर मी कोपऱ्यावरून नख फिरवून पाहिले. कुठे लागले नाही.

परत येताना एस.टी.त मला भिवंडी आठवली. तरुणपणी माल घ्यायला तिथे जात असे. लूमवर नवा बीम चढतो तेव्हा हजारो धागे एकेक करून फणीतून ओवावे लागतात. त्या वेळात कापडाचा एक वीतही निघत नाही. पण भिवंडीत किंवा मालेगावात कोणी असे म्हणत नाही की बीम भरणाऱ्याला मजुरी कशाला, त्याने कापड कुठे विणले? कापड मीटरवर विकले जाते, पण त्या मीटरच्या भावात बीम भरणाऱ्याची मजुरी धरलेली असते. तीस वर्षे कापड विकणाऱ्या मला हे ठाऊक होते आणि तरी मी मिस्त्रीची तीच ओळ खोडली. कापडाचे कळते आणि लाकडाचे कळत नाही असे नव्हते. समोर सुतार होता म्हणून मी खोडली. लूमवाल्याची मजुरी गिरणीच्या बिलात येते, तिथे घासाघीस चालत नाही. गरजवंत माणूस समोर उभा असला की आपली जीभ सुटते.

मापात कमी देणाऱ्यांविषयी सूरे मुतफ्फिफीनमध्ये काय इशारा आहे हे आपण मदरशात शिकलो. तो फक्त तराजूपुरता आहे असे समजण्याची सोय आपण करून घेतली आहे. काम पूर्ण मापाने घ्यायचे आणि मजुरी कापून द्यायची, हेही त्यातच बसते असे मला वाटते. उलेमा हजरात यावर अधिक अधिकाराने सांगतील.

दोष एकट्या व्यापाऱ्याचा आहे असेही नाही. आपले कारागीर सेटिंगची मजुरी मागतच नाहीत. बहुतेकांच्या अंदाजपत्रकात चौरस फुटाचा एकच दर असतो आणि सगळे त्यात कोंबलेले असते. मग गिऱ्हाईक दोन मिस्त्रींचे दर शेजारी शेजारी ठेवते आणि कमीवाल्याला काम देते. कमीवाला खिळे मारून जातो. सेटिंगची ओळ वेगळी लिहा. गिऱ्हाइकाला चाचणीचे दोन तुकडे जोडून हातात द्या, नख फिरवायला सांगा. एकदा सेटिंग झाले की चार खण काय आणि चाळीस काय, वेळात फार फरक पडत नाही, हेही सांगा. म्हणजे चार दुकानदार एकत्र येऊन एकाच जाडीचे काम एकदम देऊ शकतील आणि अर्धा दिवस चौघांत वाटला जाईल. महाडच्या एकाच गल्लीतली आठ दुकाने पुरानंतर एकाच वेळी फर्निचर करीत होती आणि आठांनी आठ मिस्त्री आठ वेळा बोलावले. मीही त्यातलाच.

एक-दोन ज्येष्ठ मिस्त्रींशी या विषयावर बोललो. ते म्हणतात, हे सगळे नखरे आहेत, पटाशी आणि रंधा येत असेल तर यंत्र कशाला? त्यांचा मान ठेवून सांगतो, चौकटीला, पलंगाला, टेबलाच्या पायाला त्यांचा भोक-कुसूचा सांधाच खरा. तिथे लॉक मायटर घालणे वेडेपणा. सैपाकघराच्या कपाटाच्या आत, जिथे कड दिसतच नाही, तिथेही या सांध्याची गरज नाही. पण खण, गल्ले, मशिदीच्या चंद्याच्या पेट्या यांना तो शोभतो. आणि सर्वांत जास्त शोभतो खांबाला. आखाताच्या कमाईवर आपल्या गावागावांत जे बंगले उठले आहेत त्यांच्या ओट्यावरच्या सिमेंटच्या खांबांना सागवानी आवरण घालायची हौस असते. चार फळ्यांचा पोकळ खांब करताना चारही कोपरे लांबच लांब, आणि क्लॅम्प लावताना घसरणारे. तिथे हा सांधा आपोआप गुण्यात बसतो. असे काम करून देणारा जवळपास नसला की गिऱ्हाईक मुंबईहून माणूस आणते, आणि आपला मिस्त्री त्या माणसाच्या हाताखाली फळ्या उचलतो.

आमच्या हवेची एक अडचण आहे. महाड-पोलादपूरचा पाऊस सर्वांना माहीत आहे. लाकूड जुलैत फुगते आणि एप्रिलमध्ये आटते. भर पावसात ओल्या लाकडाचा मायटर कापला तर तो उन्हाळ्यात उघडणारच, मग लॉक असो वा नसो. माझ्या पहिल्या खणांच्या चिरांत या गोष्टीचाही वाटा होता असे मिस्त्री म्हणाला, आणि मी घाई केली नसती तर त्याने माल आणखी काही आठवडे आत रचून ठेवला असता. आणि सांधा कितीही चांगला असला तरी भुशाचा बोर्ड पुरात टिकणार नाही. पूररेषेत ज्यांची दुकाने आहेत त्यांनी प्लायवुडवरचा आयएस ७१० चा शिक्का बघूनच माल घ्यावा, निदान आयएस ३०३ मधला पाणी सोसणारा दर्जा घ्यावा, आणि डिंकही पाणी सोसणारा वापरायला सांगावे. सांध्यावर खर्च आणि डिंकावर काटकसर, हा मूर्खपणा मी केलेला नाही, पण करणारे पाहिले आहेत.

यंत्राच्या धोक्याविषयी लिहिलेच पाहिजे. लॉक मायटरचे बिट मोठे आणि जड असते. त्याला अर्धा इंची दांडा हवा आणि वेग कमी करता येणारा राउटर हवा. साधा राउटर मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतो, हे बिट दहा ते बारा हजारांवर चालवायचे असते. स्वस्तात मिळाला म्हणून एकाच वेगाचा लहान राउटर घेऊन त्यात हे बिट घालू नका. फळी उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवायची. बिट आणि फेन्स यांच्यामधून फळी कधीही घालायची नाही. बारीक तुकडा हाताने नाही, ठोकळ्याने ढकलायचा. आणि आमच्याकडे लाइट जाते-येते. चालू यंत्र लाइट गेल्यावर बंद पडले, मिस्त्री बिट साफ करायला वाकला आणि लाइट आली, तर बोटे जातात. लाइट आल्यावर आपोआप चालू न होणारा स्विच मिळतो, तो बसवा. तोवर लाइट गेली की पहिला हात स्विचवर. तोंडावर मास्क बांधा. लाकडाच्या बारीक धुळीने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. आपली मुले गळ्यातला रुमाल नाकावर ओढतात आणि झाले म्हणतात.

राहिला पैशाचा प्रश्न. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण आहे, प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये आहेत आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आहे. पुढे ५ टक्के व्याजाने कर्जही आहे. आपले बरेच बांधव "व्याज" हा शब्द ऐकून फॉर्मच भरत नाहीत. कर्ज घेण्याची सक्ती नाही. प्रशिक्षण आणि अवजारे घेऊन कर्ज नको म्हणता येते. एवढे समजावून सांगायला प्रत्येक मोहल्ल्यात एक शिकलेला मुलगा पुरेसा आहे.

व्हाउचरमधून चांगला राउटर, बिट आणि टेबल सगळे निघेल असे नाही. उरलेल्यासाठी आपल्याकडे मुदारबतची जुनी वाट आहे. भांडवल व्यापाऱ्याचे, मेहनत कारागिराची, नफा आधी ठरलेल्या हिश्शाने. भांडवल बुडाले तर ते भांडवलवाल्याचे बुडते आणि कारागिराची मेहनत वाया जाते. व्यापारी लोक या शेवटच्या कलमाला घाबरतात, म्हणून कर्ज देऊन मोकळे होतात आणि वर बिनव्याजी दिले म्हणून उपकार सांगतात. जे व्यापारी १९३६ साली मुंबईत भायखळ्याला साबू सिद्दिक तंत्रसंस्था उभी राहताना पुढे आले त्यांना यंत्र शिकलेल्या मुलाची किंमत कळत होती. आम्हाला पोलादपूरच्या रस्त्यावर एक टेबल उभे करून देता येऊ नये?

त्या मिस्त्रीशी माझा करार आता असाच आहे. दुसऱ्या राउटरचे पैसे मी घातले, हिस्सा ठरवून कागद केला. एका राउटरवर लॉक मायटरचे बिट कायम बसलेले असते, दुसरा बाकीच्या कामाला. पहिल्या वर्षी माझ्या हिश्शाला फार काही आले नाही. दुसऱ्या वर्षी बरे आले. पहिल्या खणांच्या सेटिंगचे पैसे मी त्याला नंतर देऊ केले. त्याने घेतले नाहीत, तेव्हा ते त्याच्या हिशोबात जमा करून टाकले. चार गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही दुकानातच मागितली. त्या वेळी दुकानात दोनच गिऱ्हाइके होती.

त्या दिवशी सेटिंग जमल्यावर त्याने एक तुकडा कापून बाजूला ठेवला होता. बिट काढून पुन्हा लावायची वेळ आली की हा नमुना टेबलावर ठेवून बिट आणि फेन्स त्याच्याशी जुळवायचे, म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम पंधरा मिनिटांवर येते. तसलाच एक तुकडा त्याने मला दिला, तो वडिलांच्या गल्ल्यात ठेवला आहे. तालुक्यातल्या कोणा मिस्त्रीला त्यावरून आपले टेबल लावून पाहायचे असेल तर खुशाल यावे. जुम्याच्या नमाजची वेळ सोडून दुकान उघडे असते. येताना आपल्या शीटचा तुकडा आणि मोजायचे कॅलिपर सोबत आणावे, कारण तुकड्यावर १८ लिहिलेले असले तरी तो १७.६ भरतो.